एकशे अठरावी साखळी

प्रिय ठकू,

समारंभाला तू येणार, लेकीला घेऊन येणार आणि साखळी स्वतःच्या हाताने ओढणार, हे तू परवा फोनवर सांगितलंस. मी नुसतं हं हं करत राहिलो म्हणून तुला वाटलं की काकाला बरं नाही. मला काही झालेलं नाही. गुडघा आहे तसाच आहे, भूक लागते, झोप लागते, दात अजून स्वतःचे आहेत, म्हणजे जे आहेत ते. पण काही गोष्टी मला फोनवर सांगता येत नाहीत. मध्येच आवाज तुटतो, आपण हॅलो हॅलो करत बसतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. लांबण लागणार आहे, तेव्हा हातातलं काम उरकून निवांत वाच.

आधी इकडची खबरबात. गेले चार महिने आपल्या बंद खाणीची मोजदाद चालू आहे. जुन्या खाणीच्या परिसरात जतन करण्यासारखं काय काय उरलंय त्याची यादी करा, असा वरून हुकूम आलाय, आणि त्यासाठी एक बाई आल्या आहेत. आम्ही त्यांना पाहणीवाल्या बाई म्हणतो. वयाने तुझ्याएवढ्याच. कामाला चोख, बोलायला मऊ. प्रत्येक वस्तूला त्या एक नंबर देतात आणि तिचा एक फॉर्म भरतात. फॉर्मवर चार रकाने असतात: वस्तू, वय, स्थिती, महत्त्व. माणसांना खाणीत नेणाऱ्या-आणणाऱ्या पिंजऱ्याच्या चाकांचा मनोरा यादीत आहे, दिवेखोली आहे, बिल्ल्यांची फळी आहे. वसाहतीच्या कोपऱ्यावरचा नळ, ज्याच्यावर आपटून तू ओठ फोडून घेतला होतास, तोसुद्धा आहे. त्याच्या महत्त्वाच्या रकान्यात तुझा ओठ घाला असं मी म्हटलं, तर बाई हसल्या आणि खरंच लिहून घेतलं. माणसांचीही यादी आहे. मी मौखिक साधन क्रमांक चार. क्रमांक एक भोंगा आहे. आठवतो ना, पिंजरा वरखाली करणाऱ्या इंजिनावर असायचा तो? इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून त्याचा तो गळा तसा झाला. आता कानाने पार गेलाय, त्यामुळे आणखीच मोठ्याने बोलतो. त्याने कानात काही सांगितलं तरी ते तीन गल्ल्यांना कळतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी न्हाणीघर लोकांना पाहायला खुलं होणार आहे. तू ते आतून कधीच पाहिलेलं नाहीस, बायका-मुलांना तिथे मज्जाव होता. साखळी ओढायला निघाली आहेस, तर ती काय चीज आहे हे तुला आधी कळायला हवं. ती एक लांबलचक, उंच इमारत आहे. छताला तीनशे चाळीस कप्प्या, प्रत्येक कप्पीवरून एक साखळी, साखळीच्या वरच्या टोकाला चार हूक. पाळीवर आलेला माणूस घरचे कपडे काढायचा, हुकांना अडकवायचा, पायातलंही अडकवायचा, आणि साखळी ओढून सगळं छताला नेऊन टांगायचा. खालचं टोक भिंतीवरच्या दांडीला कुलूप घालून अडकवायचं आणि किल्ली गळ्यात. मग कामाचे कपडे चढवून तो खाली जायचा. वर आला की उलटं. आंघोळ, घरचे कपडे अंगावर, आणि कामाचे घामट काळे कपडे नि खिळ्यांचे बूट वर. छताशी गरम हवा असते, दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळं खडखडीत वाळायचं. त्यामुळे न्हाणीघरात उभं राहून मान वर केली की कोण खाली आहे आणि कोण घरी गेलाय ते न विचारता कळे. घरचे कपडे वर असले तर माणूस खाणीत. कामाचे कपडे वर असले तर माणूस घरी.

गुडघा चेचला गेल्यावर मला खाणीतून काढून त्या न्हाणीघरावर बसवलं, ते शेवटपर्यंत. साबण द्यायचा, फरशा धुवायच्या, कप्प्यांना तेल घालायचं आणि प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली सांभाळायची. तिथे कायदा एकच होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या साखळीला हात लावायचा नाही. एखादा खाली गेला तो वर आलाच नाही, तर त्याच्या घरचं माणूस येई, तेवढ्यापुरतं न्हाणीघर रिकामं करत, मी दुसरी किल्ली देई आणि ते माणूस आपल्या हाताने साखळी सोडून कपडे उतरवून नेई. तोवर ते कपडे तसेच वर असत. त्यांच्याखाली कुणी बसत नसे. हे सगळं मी बाईंना सांगितलं, त्यांनी ते फार मन लावून लिहून घेतलं, आणि आता न्हाणीघराच्या दारात याच मजकुराचा मोठा फलक लागतोय. घरचे कपडे वर तर माणूस खाणीत, कामाचे कपडे वर तर माणूस घरी. शब्द न शब्द माझा. बोलायच्या भरात आपण काय बोलून बसलो हे मला दोन दिवसांनी कळलं.

आता त्या दिवसाकडे येतो. तू सात वर्षांची होतीस. तुला जे सांगण्यात आलं ते असं, की दुपारी सव्वाबाराला तिसऱ्या बोगद्याचं छत बसलं, बारा माणसं पलीकडे अडकली, चार दिवस खणून काही हाताला लागेना म्हणून बोगदा विटांनी बंद केला, आणि त्या बारांत तुझे बाबा होते. यातलं छत बसलं हे खरं आहे. चार दिवस खणलं हेही खरं आहे. माणसं अकरा होती.

तुझे बाबा, म्हणजे माझा दादा, त्या दिवशी सकाळी दहाला वर आला. दाढ दुखतेय म्हणाला. गालाला हात लावून बाकावर बसला, मग आंघोळीला गेला. मी त्याला साबण दिला. फार वेळ अंग घासत होता, नखं ब्रशने घासली, केस विंचरले. खरं तर पाळीच्या मध्येच वर आलेल्याने आधी दिवेखोलीत जाऊन दिवा आणि आपल्या नंबरचा बिल्ला परत द्यायचा असतो, त्यावरूनच खाली कोण उरलं ते मोजत. पण तिथे साहेबासमोर उभं राहून कारण सांगावं लागे, म्हणून दुखणंखुपणं झालेली माणसं ते टाळत. गुपचूप आंघोळ उरकायची आणि दुपारी पाळी सुटली की त्या गर्दीत दिवा-बिल्ला सरकवून द्यायचा. सगळेच असं करत, मीही केलेलं आहे. दादाने कामाचे कपडे हुकाला लावले, खिळ्यांचे बूट लावले, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून दिवाही बुटांशेजारी अडकवला आणि एकशे अठरा नंबरची साखळी ओढली. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. दुपारी येऊन देतो म्हणाला. मागच्या फाटकाने गेला.

सव्वाबाराला खाणीचा धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा मी पहिल्यांदा मान वर केली ती एकशे अठराकडे. बूट वर होते. ठकू, सगळी वसाहत ऊर फुटेस्तोवर फाटकाकडे धावत होती आणि मी एकटा मनातून खूश होतो. लाज वाटते लिहायला, पण होतो. लंगडत तुमच्या घरी गेलो तर दाराला कडी. तुझी आई तुला घेऊन फाटकाशी उभी होती. तिथे पोचलो, आणि तिला सांगायला तोंड उघडणार तोच वाटलं की दादा कुठल्याही क्षणी येईल, त्यालाच येऊ दे समोर, तिला तो असा अचानक दिसला तर काय बहार होईल. एवढंच. दुसरा कसलाही विचार माझ्या मनात नव्हता. संध्याकाळी दिवेखोलीवाल्याने फळीवरचे बिल्ले मोजले. बारा कमी, दिवेही बारा कमी. त्याने नावं वाचली, त्यात शेवटचं दादाचं. मी गप्प, कारण तो येणारच होता. दुसऱ्या दिवशी नावं फळ्यावर लागली. तिसऱ्या दिवशी बायका तुझ्या आईला धरून बसल्या. चौथ्या दिवशी बोगद्यावर वीट चढली. त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे तिला सांगायचं की तुझा नवरा जिवंत आहे आणि तो तुझ्याकडे आलेला नाही. मला ते जमलं नाही. मूग गिळून बसलो तो बसलोच.

तो का आला नाही याचा मी पुष्कळ विचार केलाय. तुम्हाला टाकून जायचं हे त्याने आंघोळ करतानाच ठरवलं होतं का? तसं असतं तर बिल्ला दुपारी देतो असं कशाला म्हणाला असता? मला वाटतं तो खरंच दाढ दाखवायला गेला. तिथे कुठेतरी बातमी त्याच्या कानावर आली, आणि अकरा घरांच्या समोरून दाढ दुखते म्हणून वाचलेला माणूस होऊन चालत येणं त्याच्याच्याने झालं नाही. हा आपला माझा अंदाज. भावाची बाजू घेतोय असं तू म्हणशील, तर घेतोय.

बाकीच्या अकरा घरांनी एकेक करून येऊन कपडे उतरवून नेले. तुझी आई येईल म्हणून मी थाप तयार ठेवली होती, की एकशे अठराची दुसरी किल्ली गहाळ झालीये. रोज मनात घोकायचो. पण ती आलीच नाही. पुढे कधी किल्लीचा विषयही काढला नाही. मी दर रविवारी तुमच्याकडे जेवायला होतो, ती सगळ्या जगाचं बोलायची, न्हाणीघराचं मात्र अवाक्षर नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही.

त्यानंतर खाण नऊ वर्षं चालली. रोज तीन पाळ्यांची माणसं त्या बुटांखाली आंघोळ करत होती. खाली कुणी बसायचं नाही, आणि मला वाटायचं गेलेल्याचा मान राखतायत. खाण बंद झाली तेव्हा सगळ्यांनी आपापली गाठोडी नेली, तीनशे एकोणचाळीस साखळ्या रिकाम्या झाल्या आणि मी बाहेरून कुलूप लावलं. ती एकच वर राहिली. स्वतः उतरवायची म्हटलं तर का उतरवली ते कुणालातरी सांगावं लागलं असतं. आता पंचवीस वर्षांनी बाईंना ती सापडली. वस्तू क्रमांक सत्तेचाळीस. त्यांनी फॉर्मवर लिहिलंय, दुर्घटनेत गेलेल्या कामगाराचे कपडे, कुटुंबीयांच्या प्रतीक्षेत. बूट बघून त्यांचे डोळे भरून आले. बाईंना ते बूट वाचता येत नाहीत, त्यांना घरचे काय नि कामाचे काय, सगळे कपडे सारखेच. पण त्या दिवशी फलक दारातच असेल. तू तो वाचशील, मग मान वर करशील. तू लहानपणापासून दोन आणि दोन जुळवणारी पोर आहेस. आणि गाठोडं खाली आलं की त्यात दिवा असेल, खिशात बिल्ला असेल, आजूबाजूला दोनशे माणसं असतील आणि शेजारी तुझी लेक.

म्हणून मी एक उद्योग केला. कप्प्यांना तेल घालायचं काम बाईंनी माझ्याकडेच दिलंय, किल्ल्या माझ्याकडे असतात. गेल्या मंगळवारी भर दुपारी पिशवीत माझा एक जुना सदरा, पँट आणि चपला घेऊन आत गेलो. कामाचे कपडे काढायचे, हे घरचे लावायचे, पुन्हा वर. पाच मिनिटांचं काम. साखळी आधी हलेना, मग एकदम सुटली आणि गाठोडं माझ्या छातीशी आलं. कपडे अजून काळे आहेत. बूट दगडासारखे कडक झालेत. खिशात हात घातला तर बिल्ला तिथेच होता, एकशे अठरा, कडा गुळगुळीत झालेल्या. मी तो हातात धरून बाकावर बसलो, आणि तेवढ्यात दारातून भोंगा गरजला, बदलतोयस काय रे कपडे? मी तोंडावर बोट ठेवून त्याला आत बोलावलं. त्याचा काय उपयोग, त्याने त्याच आवाजात पुढचं सांगितलं. म्हणाला, अरे लंगड्या, त्या दिवशी दहाला पिंजरा मीच वर ओढलाय, आत एकटा तुझा भाऊ. गालाला हात लावलेला. तू सख्खा भाऊ असून बोलेनास, मग मी कोण बोलणारा? आणि बूट काय आम्हाला दिसत नव्हते? नऊ वर्षं डोळ्यांवर कातडं ओढून साबण लावला सगळ्यांनी.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, सगळ्यांना माहीत होतं तर चौकातल्या स्मारकाच्या दगडावर बारावं नाव कोरू कसं दिलंत? तर तो, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, हळू बोलला. म्हणाला, त्या पोरीने शाळेत काय सांगायचं होतं मग?  इतकी वर्षं मी समजत होतो की हे ओझं मी एकटा पोटात घेऊन फिरतोय, त्याचा मला थोडा तोराही होता. आणि इथे निम्मी खाण तेच ओझं घेऊन माझ्याकडून साबण नेत होती. त्यांनी आपसांत कधी ठरवलं नाही, बैठक घेतली नाही. ज्याने त्याने वर पाहिलं आणि ज्याने त्याने गप्प बसायचं ठरवलं. बाईंच्या कुठल्या रकान्यात हे बसेल मला सांगता येत नाही. बिल्ला मी परत खिशात ठेवला, सगळं होतं तसं वर चढवलं, कुलूप लावलं. माझी पिशवी भोंग्याने उचलून दिली. बाईंना सांगितलंय की सत्तेचाळीस नंबरला तुझा होकार आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, फलक लागो न लागो. कारण विचारलं तर म्हटलं, इथला कायदाच तसा आहे. त्यांनी ते शेऱ्यात लिहून घेतलं. तुला वाटलं तर समारंभाच्या आधी एकटी ये, आपण दोघं आत जाऊ. वाटलं तर सगळ्यांसमोर ओढ. नकोच वाटलं तर ते गाठोडं तिथे आणखी पंचवीस वर्षं राहील, त्याला कुणी काही करत नाही.

एवढंच असतं तर मी फोनवरसुद्धा कसंबसं सांगितलं असतं. सोबतचं पाकीट बघ. त्यातली किल्ली माझ्याकडची दुसरी किल्ली नाही. ती दादाच्या गळ्यातली आहे, दोरा अजून तोच आहे. तू अकरा वर्षांची होतीस आणि चौकातल्या दगडावरचं कापड निघायला दोन दिवस होते, तेव्हा ही टपालाने आली. वसाहतीचं टपाल तेव्हा न्हाणीघरात माझ्याकडेच टाकून जात. आत चिठ्ठी नव्हती, फक्त किल्ली. मी म्हटलं, समारंभ होऊन जाऊ दे, मग देऊ. तू दगडासमोर उभी राहून बाराही नावं एका दमात, न चुकता वाचलीस, सगळे रडले, आणि पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मग समारंभ होऊन गेला आणि मी ते दिलं नाही. दादाचं चुकलं, पण त्याने निदान एकदा हात पुढे केला होता. तो मी अडवला, आणि अडवला तो कुणाची दया येऊन नव्हे. तू त्याच्याकडे गेली असतीस, मग रविवारी माझी वाट कुणी बघितली नसती. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पाकीट मीच फोडलं आहे. मागच्या बाजूला त्याचा पत्ता आहे, तिथे आज कोण राहतं ते मला माहीत नाही, मी कधी लिहून पाहिलं नाही. पण पुढच्या बाजूला पाहा. दादाच्या अक्षरात नाव आहे. तुझ्या आईचं नाही, माझंही नाही. तुझं आहे.

तुझाच,
काका